सिंगोरगडावर बाबांना कोणी टोकले नाही

जबाब
पोलीस ठाणे, जबलपूर. सोमवार, दिनांक २० जानेवारी २०२५.
गुम इंसान (बेपत्ता व्यक्ती): तुळशीराम उरकुडे, वय ६१

नाव वैभवी तुळशीराम उरकुडे, वय २६ वर्षे, धंदा खासगी शाळेत शिक्षिका, राहणार महाराजपूर, अधारतालजवळ, जबलपूर.

मी आज स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आई सत्यभामा, वडील तुळशीराम आणि मोठा भाऊ धनेश यांच्यासोबत राहते. माझे वडील शनिवार दिनांक ११ जानेवारी रोजी दुपारी सिंगोरगडावरून बेपत्ता झाले. ते अजून मिळालेले नाहीत.

प्रधान आरक्षक (हवालदार) आलोक साहू मूळचे पांढुर्ण्याचे आहेत. त्यांना मराठी समजते, पण लिहायचा सराव नाही. म्हणून हा जबाब त्यांच्यासमोर मी माझ्या हाताने लिहीत आहे. हिंदी प्रत ते करतील. मराठीत लिहिण्याचे कारण असे की आई माझ्या बाजूला बसली आहे. तिला वाचता येत नाही, आणि बाजाराची हिंदी आली तरी ठाण्याची हिंदी तिला कळत नाही. धनेशचे बयान झाले तेव्हा ती बाहेर येऊन म्हणाली होती, "माह्याच माणसाबद्दल काय लिहिलं ते मलेच समजलं नाही." या वेळी तिने आधीच सांगितले की जे लिहिशील ते मला वाचून दाखव.

पुन्हा जबाब घेण्याचे कारण असे की कागदात कारणाचा रकाना रिकामा आहे. साहूजींनी समजावून सांगितले की वाट चुकले असे लिहिले तर जंगलातला शोध पुन्हा सुरू करा अशी मागणी वर पाठवता येते. स्वतःच्या मर्जीने गेले असे लिहिले तर फोटो सगळ्या ठाण्यांना जातो आणि जंगलातला शोध संपतो. गेल्या गुरुवारपासून गडावर कोणी गेलेले नाही.

आत येण्यापूर्वी धनेश मला फाटकापाशी म्हणाला, "सीधं लिहून दे, रस्ता चुकले. बाकी काही बोलायचं नाही. तुझी एकेक गोष्ट सांगायची सवय इथे नको." मी त्याला सांगितले की जे पाहिले ते लिहीन. हेही लिहिले पाहिजे असे मला वाटते, कारण माझ्या जबाबात कोणी काही सांगून लिहवून घेतले असे नंतर निघू नये.

वडिलांची ओळख विचारल्यावरून सांगते. उंची मध्यम, रंग सावळा, केस पांढरे व बारीक कापलेले. अंगात तपकिरी स्वेटर, राखी पँट, गळ्यात आईने विणलेला हिरवा मफलर. डावा हात कोपरातून पुरा सरळ होत नाही. ते सही करतात, पण वाचता येत नाही. कमी बोलतात. फोन जवळ ठेवत नाहीत. विसरण्याचा आजार नाही. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेतात, त्या दिवशी घेतली होती.

हात कशाने वाकला असे साहूजींनी विचारले. माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, मी आजीकडून ऐकली. वडील पहिल्या पाळीला सायकलने निघाले असता घरातल्या कोणी तरी दारातून विचारले, "कुठं चालले?" निघालेल्या माणसाला कुठे चालला असे विचारू नये, अपशकुन होतो; असे विचारण्याला टोकणे म्हणतात. त्याच दिवशी ते सायकलवरून पडले आणि हात मोडला. तेव्हापासून आमच्या घरात वडील उठून निघाले की कोणी विचारत नाही. आम्ही दोघे भावंडे ते शिकूनच मोठे झालो. मी चार-पाच वर्षांची असताना एकदा विचारले होते. त्या दिवशी त्यांना काही झाले नाही, पण मला आईचा मार बसला. तिने मला मारल्याचे दुसरे काही आठवत नाही.

वडील संरक्षण कारखान्यात मजूर होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतरही भोंगा वाजला की ते उठून आंघोळ करत, पँट-सदरा घालत आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. जेवायला बोलावले की आत येत. घरात भांडण नव्हते. कोणी त्यांना टाकून बोलत नव्हते. पण त्यांच्याशी फार बोलतही नव्हते, हेही खरे आहे.

गडावर जायचे मी ठरवले. कारण असे की, डिसेंबरमध्ये मी घरी मुलांचे पेपर तपासत होते. प्रश्न राणी दुर्गावतीवर होता. मी एका मुलाचे उत्तर हसत आईला वाचून दाखवले, त्यात सिंगोरगडाचे नाव होते. वडील खुर्चीवरून म्हणाले, "तो गड मी पाहिला आहे. खालून." आम्हाला हे माहीत नव्हते. कारखान्यात लागण्याआधी, नरखेडकडून नवीन आले तेव्हा, ते दमोह रस्त्याच्या कामावर गिट्टी, म्हणजे खडी, फोडायला होते. गड रोज समोर दिसायचा. वर तलाव आहे असे गावातले लोक सांगायचे. एक दिवस वर जाऊ द्या म्हणून त्यांनी मुकादमाला विचारले, तर मुकादम म्हणाला, "काहे, राजा है क्या?" हे सांगून वडील हसले. मला हसू आले नाही.

मी म्हटले, आपण जाऊ. ते नाही म्हणाले नाहीत.

आमच्या घरातून कोणी कधी असे फिरायला गेले नव्हते. गेलो ते लग्नाला, मयताला आणि नर्मदेला. त्यामुळे काय काय लागते ते मला कोणाला विचारता आले नाही. मी स्वतः शोधून ठरवले. शाळेतल्या चार्टपेपरवर रस्ता काढला. दमोह नाक्यावरून निघायचे, कटंगीला चहा आणि रसगुल्ला, सिंग्रामपूरहून गड, वर जेवण, उतरून निदानचा धबधबा, अंधार पडायच्या आत घर. गडाची चढण किती ते दोघा माणसांना विचारले, दोघांनी वेगळे सांगितले, मी जास्तीचे धरले. जंगल खात्याच्या फाटकावर नाव लिहावे लागते, ते विचारून ठेवले. डॉक्टरांना विचारले, वडील चढू शकतील का. ते म्हणाले, तुमच्यापेक्षा चांगले चढतील. पाणी, गोळ्या, काठी, शिटी, पट्टी, सगळे घेतले. वडिलांना चपलेत चढता येणार नाही म्हणून नवीन बूट आणले.

आई म्हणाली, "काहून एवढं करून राहिली व? गडावर चाललो का लढाईवर?"

धनेश म्हणाला, "मॅडमची परीक्षा आहे आई. आपल्याला पास व्हायचं आहे."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी चार्टपेपर भिंतीला लावला आणि सगळ्यांना वाचून दाखवला, कारण आई-बाबांना वाचता येत नाही. सगळ्यात खाली लाल रंगाने लिहिले होते: कोणी एकटे जायचे नाही, जाताना सांगून जायचे. तेही वाचले. प्रत्येकाला विचारले, समजले का. धनेश म्हणाला, "यस मॅडम." आई म्हणाली, "हो व माय." वडील म्हणाले, "बरं."

शनिवारी सकाळी धनेशच्या मित्राची गाडी घेऊन आम्ही निघालो. धनेश चालवत होता, वडील पुढे बसले होते. कटंगीला वडिलांनी रसगुल्ला खाल्ला, अर्धा आईला दिला. पुढे सिंग्रामपूरच्या अलीकडे एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ते माझ्या यादीत नव्हते. ते खाली उतरले आणि कडेला उभे राहून म्हणाले, "हा तुकडा आमचा."

धनेश म्हणाला, "म्हणजे हे खड्डेपण तुमचेच का बाबा?"

वडील म्हणाले, "खड्डे तुमच्या जमान्याचे. आमच्या वेळची गिट्टी खाली पडून आहे, खोदून पाह्य." सगळे हसलो. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. एवढे सांगायची गरज नाही असे साहूजी म्हणाले. पण माणूस त्या दिवशी कसा होता असे त्यांनीच विचारले होते, म्हणून लिहिले.

फाटकावर चार नावे लिहिली. तिथल्या वनरक्षकाने सांगितले की वाटेवरून हटू नका, गडाच्या मागच्या बाजूला दाट आहे. ते चौघांनीही ऐकले. वडील पुढे चढत होते. एकदा थांबले आणि बुटाची नाडी सैल केली. मी विचारले, "बाबा, बूट लागते का?" ते म्हणाले, "नाही." ते मी खरे धरले.

वर तलावाच्या बाजूला पडक्या तटापाशी आम्ही बसलो. आईने भाकरी, वांग्याची भाजी आणि संक्रांत जवळ आली म्हणून तिळाचे लाडू आणले होते. वडिलांनी बूट काढून बाजूला ठेवले. जेवल्यावर ते बराच वेळ खाली रस्त्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "केवढासा दिसते रस्ता." थोड्या वेळाने म्हणाले, "चला. झालं पाहून."

हे वाक्य सांगू नको असे धनेशचे म्हणणे आहे. माझ्याही मनात होते की सांगू नये, कारण याच वाक्यावरून शोध बंद होऊ शकतो. पण ते मी माझ्या कानाने ऐकले आहे. वडील हे कसे म्हणाले असे साहूजींनी विचारले. मी नऊ दिवस तेच आठवत आहे. आता ते मला कधी आनंदाने म्हटल्यासारखे ऐकू येते, कधी नाही. म्हणून आवाज कसा होता याबद्दल मी काही लिहून देऊ शकत नाही.

त्यानंतर आम्ही लगेच उठलो नाही. आई डबे आवरत होती. धनेश आडवा पडला होता, पण जागा होता. मी फोटो पाहत होते. वडील उठले, त्यांनी बूट घातले आणि तटाच्या कडेने मागच्या बाजूला, झाडांकडे चालू लागले. पाण्याची बाटली घेतली नाही. काठी घेतली नाही. ते जाताना आम्ही तिघांनीही पाहिले. आईने पाहिले, धनेशने पाहिले, मी पाहिले. कोणी विचारले नाही.

मी विचारणार होते. विचारले नाही.

साहूजींनी मला दोनदा विचारले, "दीदी, तीन लोग देख रहे थे, एक ने भी नहीं पूछा कि कहाँ जा रहे हो?" मी सांगितले की आमच्यात निघालेल्याला विचारत नाहीत. ते म्हणाले, "हमारे यहाँ भी नहीं टोकते. पर जंगल में?" त्या वेळी मला वाटले, लघवीला गेले असतील. धनेशलाही तेच वाटले. सांगून जायचे असे मी लाल रंगात लिहिले होते हे खरे आहे. पण ज्याला घरात कोणी कधी विचारले नाही त्याला सांगायची सवय कुठून असणार, हे मी लिहिताना धरले नाही.

वडील परत येईनात म्हणून पहिल्यांदा धनेश उठला. आम्ही हाका मारल्या. मी आणि धनेश "बाबा" म्हणून ओरडत होतो. आईने वडिलांचे नाव कधी घेतलेले नाही, ती "ओ, ऐकता का" असेच ओरडत होती. मी तिला म्हटले, आई, नाव घे, नावाने ओरड. तिने तोंड उघडले, पण नाव आले नाही. मी शिटी वाजवली. तटाच्या मागे थोडे गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटतात, पुढे ती वाटच राहत नाही. दोन्हीकडे पाहिले. धनेश खाली फाटकावर धावत गेला. वनरक्षक माणसे घेऊन आले. उजेड होता तोवर सगळे शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पलीकडच्या काठावर दगडावर बूट मिळाले. दोन्ही शेजारी शेजारी, मोजे आत घातलेले. ते माझ्या वडिलांचेच आहेत, मी ओळखले. त्यावरून पाणबुडे बोलावून तलाव पाहिला. त्यात काही मिळाले नाही. मागच्या जंगलात गुरुवारपर्यंत पाहिले. तिथेही काही मिळाले नाही.

बूट असे नीट ठेवणारा माणूस मर्जीनेच गेलेला असतो, असे शोधाला आलेल्यांपैकी एक जण म्हणाला. माझे सांगणे असे की वडील घरी, देवळात, कारखान्यात, कुठेही पायातले असेच ठेवत. मोज्यांना टाचेजवळ रक्त लागलेले होते. बूट त्यांना लागत होते. मला वाईट वाटेल म्हणून ते नाही म्हणाले असावेत. ते अनवाणी चालायला सोपे म्हणून काढून ठेवून पुढे गेले आणि वाट चुकले, असे मला वाटते. असे मी पाहिलेले नाही. असे मला वाटते, इतकेच लिहावे.

त्यांनी परत जायचे नाही असे ठरवले होते का, असे विचारल्यावरून सांगते की मला माहीत नाही. नाही असे लिहिले तर शोध सुरू होईल हे मला समजते. मी नाही असे लिहू इच्छिते. पण मला माहीत नाही हेच खरे आहे. हे लिहिताना आईकडे पाहण्याची माझी हिंमत झालेली नाही.

माझी विनंती अशी की कारणाच्या रकान्यात काहीही लिहिले तरी गडाच्या मागची बाजू पुन्हा एकदा पाहावी. थंडी आहे आणि ते अनवाणी आहेत. नऊ दिवस झाले म्हणजे काय हे मला कळते. तरी पाहावे.

जबाब इथे संपवून मी तो सुरुवातीपासून आईला वाचून दाखवला. साहूजी समोर बसून होते. हात मोडल्याची गोष्ट आली तेव्हा आई हलली. सगळे वाचून झाल्यावर साहूजींनी विचारले, "बाई, सब ठीक लिखा है?"

आई म्हणाली, "नाही."

ती मला म्हणाली, "तू दोन ठिकाणी सोडलं."

मी म्हटले, "आई, राहू दे."

"राहू कशी दे? सगळ्याइचं लिहिलं. भावाचं लिहिलं, सोताचं लिहिलं. माह्यंच काहून सोडलं? लिही."

आईच्या सांगण्यावरून पुढील मजकूर वाढवत आहे. तो तिच्याच शब्दांत आहे.

"सायकलवरून पडले त्या दिवशी दारातून इचारणारी मी होती. नवी नवरी होती, मले माहीत नव्हतं. त्याइच्या आईनं मरेपर्यंत मले ते इसरू देलं नाही. यायनं एकदाही काढलं नाही. गडावर ते उठले तवा या पोरीनं तोंड उघडलं होतं. 'बा' एवढं निंघालं होतं. मी हात वर करून तिले चूप केलं. उजवा हात. एकदा इचारलं तर हात मोडला. म्हणून एकदा इचारू देलं नाही. पोरीचा दोष नाही. बुटाचाही नाही."

हे मी ऐकले तसे लिहिले आहे. आईने हात वर केला हे खरे आहे. ते मला माहीत होते आणि मी ते आधी लिहिले नव्हते.

साहूजींनी बेपत्ता माणसाचे नाव आईने स्वतः सांगावे असे म्हटले, कारण वाढवलेला मजकूर तिचा आहे. ते कागद पुढे करून थांबले. आईने पदर सारखा केला आणि नाव सांगितले. पहिल्यांदा ऐकू आले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा मोठ्याने सांगितले, "तुळशीराम." मग ती दाराकडे पाहत राहिली.

वरील जबाब वाढवलेल्या मजकुरासह पुन्हा वाचला. मी सांगितले आणि आईने सांगितले तसाच तो आहे, आता त्यात काही सोडलेले नाही. माझी सही खाली आहे. वाढवलेल्या मजकुरापुढे आईचा अंगठा आहे. साहूजींनी डावा मागितला होता. आईने उजवा दिला.

वैभवी तुळशीराम उरकुडे